साष्टीला उलटी प्रदक्षिणा: नवख्या पक्षीनिरीक्षकांसाठी एका दिवसाची गाडीसफर

आपण बेटावर राहतो हे मुंबईकराला २६ जुलैसारख्या पावसात आठवतं, एरवी नाही. पण नकाशा उघडून बघा. दादर-परळची जुनी सात बेटं खाली राहिली. माहीमच्या खाडीपलीकडे जे सुरू होतं ते साष्टी बेट. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला उल्हास नदी आणि वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र. मधोमध जंगल, आणि जंगलाभोवती आपण सगळे.

पाखरांना हे बेट अजून बेटच वाटतं. ती कडेकडेने राहतात. चिखलात, तिवरांत (म्हणजे खारफुटीत), पुळणीवर. त्यामुळे नवीन माणसाला पक्षी दाखवायचे असतील तर मी त्याला एका जागी नेत नाही, गाडीत बसवून बेटाला फेरी मारतो. साधारण सव्वाशे किलोमीटर होतात. दादरहून पूर्वेच्या कडेने वर, घोडबंदरने आडवं, पश्चिमेच्या कडेने खाली. जंगल सतत डाव्या हाताला राहतं, म्हणजे प्रदक्षिणा उलटी होते. एक काकू यावर रागावल्या होत्या. त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगतो: सुलटी घातली तर भरती चुकते.

आधी तिथी, मग सुट्टी

नवीन लोक विचारतात, कुठे जायचं? कोणती दुर्बीण? पहिला प्रश्न असायला हवा, त्या दिवशी भरती किती वाजता?

हे मी शरमेने शिकलो. पहिल्यांदा नऊ जणांना घेऊन शिवडीच्या जेट्टीवर गेलो होतो, फ्लेमिंगो दाखवायला. सकाळी साडेआठला पोचलो तर चिखल कुठेच नाही. काठापर्यंत पाणी, पाण्यात दोन होड्या आणि एक अर्धं बुडालेलं टायर. बाजूला जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्या कोळीबाबांनी आमच्या गळ्यातल्या दुर्बिणी बघितल्या आणि विचारलं, "आज तिथ कोनती?" नऊ जणांत एकालाही माहीत नव्हती. मग त्यांनी हिशेब शिकवला, तो आजतागायत चालतो. तिथीची पाऊणपट करा, तितके वाजता भरती पूर्ण. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला. द्वादशीला बारा पाऊणे नऊ. शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच. ज्यांच्याकडून शाळेत पाऊणकी घोकून घेतली होती त्यांना हे तोंडी येतं, बाकीच्यांनी मोबाइल काढावा. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी सगळं पन्नासेक मिनिटं पुढे सरकलेलं. खाडीत आतपर्यंत पाणी चढायला किनाऱ्यापेक्षा जास्त वेळ लागतो, तेवढं धरून चालावं.

आता यातली गंमत पाहा. आपल्या फेरीला सकाळी पूर्वेच्या खाडीत भरती हवी, कारण बोट पाण्याशिवाय चालत नाही आणि चिखल बुडाला की त्यावरचे पक्षी आतल्या तळ्यांवर येऊन बसतात. संध्याकाळी पश्चिमेच्या किनाऱ्यावर नुकतं चढायला लागलेलं पाणी हवं, कारण ते पाखरांना ढकलत आपल्याकडे आणतं. दोन्ही एकाच दिवशी जुळतं ते दशमी ते त्रयोदशी. द्वादशीला नऊला भरती, सव्वातीनला ओहोटी, साडेचारपासून पाणी परतीला. त्यामुळे भिंतीवरचं कालनिर्णय काढा, डिसेंबर ते फेब्रुवारीत या चार तिथींत येणारा शनिवार किंवा रविवार शोधा आणि त्यावर पेन्सिलने गोल करा. महिन्याच्या दोन पक्षांत मिळून एखादा बहुधा सापडतोच. मग मोबाइलवरचा भरती-ओहोटीचा तक्ता उघडून पडताळा. कोळीबाबांचा हिशेब पाव-अर्ध्या तासाने हुकू शकतो, तक्ता मिनिटावर सांगतो.

महिन्याबद्दल थोडं. बदकं आणि बाकीचे हिवाळी पाहुणे मार्चमध्ये निघू लागतात, रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मात्र मेपर्यंत असतात. दोन्ही एकत्र हवे असतील तर जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी उत्तम.

सोबतीला माहीतगार

पहिली फेरी एकट्याने करू नका. पुस्तकात चार बोटं लांबीचा दिसणारा पक्षी समोर खसखशीएवढा असतो, आणि नवख्याची निराशा तिथेच होते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ सालची संस्था निसर्गफेऱ्या काढते. हौशी गटही भरपूर आहेत. नोव्हेंबरात ५ ते १२ तारखेला राज्यात पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्लींच्या वाढदिवशी सुरू होतो, सालिम अलींच्या वाढदिवशी संपतो. त्या दिवसांत नवशिक्यांसाठी खास फेऱ्या निघतात, ओळखी तिथे करून घ्या.

माहीतगार निवडायची माझी एकच कसोटी आहे. फोनवर विचारा, "त्या दिवशी भरती किती वाजता?" तो "फ्लेमिंगो काय, कधीही दिसतात" म्हणाला तर आभार मानून फोन ठेवा. दुसरं, आवाज वाजवून पक्षी बोलावणारा माणूस टाळा. मोबाइलवर नराची हाक वाजवली की खरा नर हद्द राखायला धावत येतो, आपल्याला फोटो मिळतो आणि त्याचा अर्धा दिवस नसलेला शत्रू शोधण्यात जातो.

गटात आठ-दहा माणसं पुरेत. बारा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर बरी पडते. स्वतःची गाडी असेल तर मुंबईच्या पाच नाक्यांवरचा टोल हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहे, आणि या फेरीत त्यातले दोन-तीन नाके लागतातच.

पिशवीत काय

दुर्बीण ८×४२. आठ म्हणजे आठपट जवळ, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार दहापटीची गळ्यात मारेल, घेऊ नका. बोटीत दहापटीच्या दुर्बिणीतून फ्लेमिंगो नाही, स्वतःच्या हाताचा कंप दिसतो. विकत घ्यायच्या आधी दोन फेऱ्या उसनी वापरा.

कपडे मातकट किंवा शेवाळी. पांढरा सदरा नको. पूर्ण बाह्या हव्यातच, भांडुपचे डास नवीन पाहुण्यांची वाट बघत असतात. टोपी, पाणी, सरकारी ओळखपत्र, छोटी वही आणि पेन्सिल. मर्लिनसारखं पक्षी ओळखणारं अॅप मोबाइलवर असू द्या, पण आधी वहीत लिहा, मग अॅपला विचारा. उलटं केलंत तर अॅप शिकतं, तुम्ही नाही.

आणि एक गोष्ट, जी पुरुष माहीतगार सांगायला विसरतात: भांडुपच्या खाडीकाठी स्वच्छतागृह नाही. महामार्गावरच्या पेट्रोल पंपावर थांबूनच पुढे जा, आणि तशी सूचना आदल्या रात्री गटावर टाका.

पहिला टप्पा: भांडुप, उजाडताना

जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. दादरहून पावणेसहाला निघा, पूर्व द्रुतगती महामार्गाने सव्वासहा-साडेसहापर्यंत ऐरोली जंक्शनच्या अलीकडे पोचाल. तिथून खाडीकडे वळणारा रस्ता भांडुप पंपिंग स्टेशनचा. जागा महापालिकेची आहे. फाटकावर कुणी अडवलं तर वाद न घालता ओळखपत्र दाखवा, किती जण आहात ते सांगा.

शहराचं सांडपाणी जिथे येतं तिथे पक्षी बघायला जायचं, हे ऐकून नवीन माणसं नाक मुरडतात. वासही येतो, खोटं कशाला बोलू. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तिवरं, मध्ये उथळ तळी, कडेला गवत आणि पलीकडे खाडी, असं चार घरांचं बिऱ्हाड मुंबईत दुसरीकडे एका जागी सापडत नाही.

गाडीतून उतरल्यावर पहिली दहा मिनिटं दुर्बीण लावायची नाही. मी चक्क काढून घेतो. नुसत्या डोळ्यांनी बघा, हलतंय काय ते टिपा. मग नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणा. दुर्बीण लावून पक्षी शोधणारा माणूस सकाळभर आकाश आणि झुडपं बघत राहतो. दुसरं, सूर्य पाठीशी घ्या. इथे खाडी पूर्वेला आहे, म्हणजे सकाळी खाडीकडचा प्रत्येक पक्षी काळी सावली. आधी खाडीकडे पाठ करून तळी बघा.

रंगावर जाऊ नका, चालीवर जा. लाल काटक्यांवर उभा असल्यासारखा, काळ्या पंखांचा आणि पांढऱ्या अंगाचा तो शेकाट्या. त्याला एकदा बघितलं की विसरता येत नाही. पाण्यावर चपट्या चमच्यासारखी चोच घासत गोल गोल फिरणारं बदक म्हणजे थापट्या. नराचं डोकं हिरवं, कुशी विटकरी. आत्ता होती आणि आत्ता नाही, ती टिबुकली. तारेवर बसून शेपटी झटकणारा, काळ्या डोक्याचा छोटा, तो गप्पीदास, सायबेरियाकडून आलेला. गवतातून "किती-तर, किती-तर" ओरडतो तो तित्तिर दिसेलच असं नाही, पण ऐकू येईल. तळ्यात काळंभोर अंग आणि कपाळावर पांढराशुभ्र टिळा असलेला कुणी दिसला तर तो वारकरी. एकादशीला दिसला तर काकूंना नक्की सांगा, प्रदक्षिणेचा राग जातो.

सगळी बदकं एकदम चोच वर करून गप्प झाली की आकाशाकडे बघा. पंख इंग्रजी व्हीसारखे धरून, गवतावर हातभर उंचीने तरंगत येणारा दलदली भोवत्या असेल. नशीब थोर असेल तर तिवरांच्या कडेने कोल्हाही जाताना दिसतो. हो, मुंबईत, महामार्गापासून हाकेच्या अंतरावर.

भरती जवळ येते तसे खाडीवरचे थवे डोक्यावरून आतल्या तळ्यांकडे येऊ लागतात. तेव्हा रस्त्याच्या कडेला उभे राहा, पुढे सरकू नका. दमलेला थवा बसतो न बसतो तोच चांगल्या फोटोसाठी चार पावलं पुढे जाणारा एक जण प्रत्येक गटात असतो, आणि त्याच्यापायी दोनशे पाखरं पुन्हा उडतात.

दुसरा टप्पा: ऐरोलीची बोट

भांडुपहून ऐरोलीचा पूल ओलांडला की आपण बेट सोडून मुख्य भूमीवर येतो. प्रदक्षिणेत ही एवढी एक लबाडी. पण ऐरोलीला कांदळवन विभागाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून खाडीत बोट सुटते. शिवाय सकाळी इथून पश्चिमेकडे बघायचं असतं, म्हणजे ऊन पाठीशी. बोटीची वेळ रोज भरतीप्रमाणे बदलते, त्यामुळे जागा आधी राखून ठेवा. मोसमात रविवारी आयत्या वेळी जाऊन जागा मिळत नाही.

बोटीच्या दोन्ही बाजूंना तिवरं असतात. पांढरी चिप्पीही कांदळवनातलीच, ती २०२० पासून आपला राज्य कांदळवन वृक्ष आहे. फांदीवर जांभळ्या पाठीचा आणि काळ्या टोपीचा खंड्या बसलेला असतो. नेहमीच्या पांढऱ्या छातीच्या खंड्याशी त्याची गल्लत करू नका. काळी टोपी बघितली की झालं.

मग वळण घेतलं की रोहित. नाव जुनं आहे, अग्निपंख असंही म्हणतात. का म्हणतात ते थवा उडाला की कळतं, बसलेला असताना नाही. इथे दोन प्रकार मिसळलेले असतात. मोठा रोहित पाच फुटांच्या आसपास, पांढुरका, चोच फिकट गुलाबी आणि टोक तेवढं काळं. धाकटा तीन फुटांचा, अंगाने जास्त गुलाबी, चोच गडद किरमिजी, लांबून काळीच वाटते. ठाण्याच्या खाडीत धाकट्यांची गर्दी जास्त. उंचीवरून ओळखायला जाऊ नका, चिखलात किती रुतलाय ते कळत नाही. चोचीवरूनच ओळखा. काही करड्या रंगाचे दिसतील, ते आजारी नाहीत, पिल्लं आहेत. गुलाबी रंग खाण्यातून चढतो आणि चढायला वर्षं लागतात.

डोकं उलटं करून, चोच पाण्यात आडवी फिरवत धाकटे रोहित जे गाळून खातात ते मुख्यतः निळं-हिरवं शेवाळ. आणि ते या खाडीत एवढं वाढतं याला आपल्या शहरातून वाहत येणारं सांडपाणीही कारणीभूत आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून ते इथे दिसू लागले, २०१५ मध्ये खाडीचा हा भाग अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. आपल्या नाकाला रुमाल लावायला लावणाऱ्या पाण्यावर कच्छकडून आलेले पाहुणे पोसले जातात, यावर बोटीत हमखास वाद होतो. मी त्यात पडत नाही. खाडी जास्त घाण झाली तर शेवाळही मरेल, एवढंच सांगतो.

बोटवाल्याला "अजून जवळ घ्या" म्हणू नका. लांब मान वर करून सगळा थवा एका दिशेने चालायला लागला की तो उडायच्या बेतात आहे, तिथेच थांबायला सांगा. आणि काठावर उतरल्यावर चिखलात पाय टाकू नका. वरून टणक दिसतो, आत मांडीपर्यंत जातो. माझी एक चप्पल अभयारण्याच्या हद्दीत कायमची मुक्कामाला आहे.

तिसरा टप्पा: दुपार, म्हणजे प्रवास

अकरा ते तीन पक्षीही सावलीत जातात, आपणही जावं. ठाण्यात जेवून घ्या. एकादशी पाळणाऱ्यांना साबुदाण्याची खिचडी, इतरांना मिसळ. मग घोडबंदर रस्ता. या रस्त्याबद्दल चांगलं लिहायला मी आलो नाही. अवजड वाहनं, गायमुखचा चढ आणि कुठलं ना कुठलं काम चालू. तासभर जास्तीचा धरा.

घोडबंदरच्या किल्ल्याखाली खाडीकाठी वीस मिनिटं उतरायला हरकत नाही. पोर्तुगीजांकडून तो मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतला. पाण्यावर विटकरी अंगाची आणि पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार घिरट्या घालत असते. साध्या घारीच्या शेपटीला खाच असते, हिची शेपूट गोल.

डाव्या हाताचं जंगल, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, आज सोडून द्या. शंभरेक चौरस किलोमीटरचं रान दुपारी दोन तासांत उरकणं हा त्या रानाचा अपमान आहे. तिथे वेगळ्या दिवशी, फाटक उघडताच, वड-उंबर फळलेला असताना जा. फळांच्या गर्दीत हिरव्या पानांसारखेच बसलेले हरियल शोधा. राज्यपक्षी असूनही अनेकांनी तो फक्त शाळेच्या पुस्तकात पाहिलेला असतो.

चौथा टप्पा: उत्तन, पाणी चढताना

काशीमिऱ्याहून भाईंदर पश्चिम, तिथून डोंगरीमार्गे उत्तन. बोरिवलीहून गोराईला होडीने जाता येतं, पण गाडी न्यायची तर रस्ता हाच. या भागाला जुने लोक अजून धारावी बेट म्हणतात; झोपडपट्टीशी संबंध नाही, हे वेगळं. पोचल्यावर खरंच बेटावर आल्यासारखं वाटतं. चर्च, नारळ, कोळीवाडा आणि वलांडीवर ओळीने लटकवलेले बोंबील.

गाडी वाळूवर नेऊ नका, गावाबाहेर लावा. बोंबलांच्या वलांडीतून जायचं असेल तर तिथल्या मावशींना विचारून जा, ते त्यांचं अंगण आणि दुकान दोन्ही आहे. एकदा आमच्यातल्या एकाने कॅमेऱ्याचा तिपाई थेट वाळत घातलेल्या सुकटीत रोवला होता. मावशी जे बोलल्या त्यात एकाही पक्ष्याचं नाव नव्हतं.

साडेचारला पाणी बरंच मागे असतं आणि पाखरं लांबवर ठिपक्यांसारखी. अधीर होऊ नका. एका खडकाआड बसा आणि हलू नका. पाणी चढेल तसं ठिपके जवळ येतात. लाटेच्या पुढे पळून, लाट परतली की तिच्या पाठी पळणारे लहानखुरे, ते चिखल्या आणि तुतवार जातीतले. यांची नेमकी नावं पहिल्या दिवशी लावायला जाऊ नका, वीस वर्षं बघणारे इथे भांडतात. वहीत "लहान, करडा, धावतो-थांबतो-टोचतो" एवढं लिहा. मोठा, खाली वाकलेल्या लांब चोचीचा दिसला तर कोरल. खडकावर एकटा उभा, पाटीच्या रंगाचा, गळ्यावर पांढरा ठिपका, तो समुद्र बगळा. पाण्यावर कुरव आणि सुरय: जाडसर, तरंगत बसतो तो कुरव, शेपटीला खाच, अंग सडपातळ, वरून सुळकन पाण्यात सूर मारतो तो सुरय. गेटवेला कुरवांना शेव-गाठी टाकणारी मंडळी आपल्या गटात असतील तर त्यांना इथे बघू द्या, त्यांचं खरं खाणं काय ते.

मावळतीला सूर्य समोर येतो आणि साडेपाचनंतर सगळे पक्षी पुन्हा काळ्या आकृत्या होतात. ओळखायचं काम त्याआधी उरका. नंतर दुर्बिणी पिशवीत टाका, आणि दुर्बिणीतून सूर्याकडे चुकूनही बघू नका.

निघायच्या आधी सगळ्यांच्या वह्या एकत्र वाचा. ज्याने जास्त नावं लिहिली त्याची नाही, ज्याने एका पक्ष्याबद्दल जास्त ओळी लिहिल्या त्याची वही आधी. यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर त्याच रात्री चढवा. दुसऱ्या दिवशी आकडे फुगतात, माझेही फुगलेत.

परतीचा रस्ता पश्चिम द्रुतगती महामार्गाचा. रविवारी सात वाजता निघालात तर दहिसरला तुंबलेल्या गाड्यांमध्ये तासभर जाईल. त्यापेक्षा उत्तनलाच थांबा. द्वादशी असेल तर ताजे बोंबील तळून मिळतात का बघा. एकादशी असेल तर काकूंच्या डब्यात शेंगदाण्याचा लाडू उरलेला असतो, तो आधी मागून ठेवा.